आधी गाडी कोरडी करा, टर्बोचं नंतर बघू

प्रश्न : मी लेस्टरला राहतो. गेल्या महिन्यात हौसेखातर १९९१ची माझदा एमएक्स-५ (दोन सीटची, कापडी टपाची छोटी गाडी) घेतली. १.६ लिटर इंजिन, १ लाख ४ हजार मैल पळालेली. रविवारी काढायची, एवढाच वापर. तक्रारी अशा : सकाळी सुरू केली की इंजिनातून टकटक येते, गिअरबॉक्सखाली तेलाचे डाग पडतात, पाऊस झाला की सीटमागचं कार्पेट ओलं होतं, चढावर हँडब्रेक धरत नाही आणि वळणात गाडी तरंगल्यासारखी वाटते. गॅरेजवाला म्हणतो, इंजिनाचं मागचं ऑइल सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. माझ्याकडे अडीच हजार पाउंड बाजूला आहेत. टर्बो किट, सतरा इंची अलॉय आणि गाडी थोडी खाली बसवणं, असा बेत आहे. कुठून सुरुवात करू?

उत्तर : नमस्कार. कार्पेटपासून.

तुमच्या यादीतली सगळ्यात महागडी तक्रार तीच आहे, जरी वाचताना ती सगळ्यात किरकोळ वाटत असली तरी. या गाडीत इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, दोन्ही जुन्या बाजारात मिळतात. पत्रा सडला की मात्र गाडी गेली. आणि ११५ हॉर्सपॉवरच्या या गाडीची सगळी गंमत तिच्या साडेनऊशे किलोंच्या आसपासच्या वजनात आणि स्टिअरिंगमध्ये आहे. तीस वर्षांत रबर झिजून, तेलं जुनी होऊन त्या गमतीतली निम्मी उडून गेलेली असते. ती परत आणायला अडीच हजार पाउंड पुरतात. टर्बोला ते पुरत नाहीत.

पाणी कुठून येतं ते आधी समजून घ्या. कापडी टपाच्या मागच्या कडेला आतून प्लास्टिकची एक पन्हळ असते. टपावरून आत झिरपलेलं पाणी ती दोन्ही कोपऱ्यांत, सीटबेल्टच्या खांबांमागे नेऊन सोडते. तिथून एक नळी खाली जाते आणि मागच्या चाकाच्या थोडं पुढे, गाडीखाली उघडते. या नळीत पानं, धूळ आणि टपाचे धागे साचून बूच बसतं. मग पाणी उलटं भरून कार्पेटवर येतं, आणि जे दिसत नाही ते दाराखालच्या पोकळ पेटीत, म्हणजे सिलमध्ये, शिरून बसतं. सिल आतून सडतं आणि बाहेरचा रंग फुगेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

टप अर्धा उघडा, कोपऱ्यात टॉर्च मारा आणि एकेका बाजूला अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता. खालून लगेच धार आली पाहिजे. थेंब थेंब आलं किंवा आलंच नाही, तर गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी घ्या, तिचं टोक लायटरने वितळवून गोल करा आणि वरून फिरवत फिरवत खाली सरकवा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, नळी जागेवरून निसटते आणि मग ती बसवायला आतलं बरंच काही उचकटावं लागतं. नळी मोकळी झाल्यावरही कार्पेट ओलं होत असेल तर प्लास्टिकची पन्हळच तडकलेली आहे. तो भाग सुटा मिळतो. कार्पेट उचलून खालचं फोमही वाळवा, ते आठवडाभर पाणी धरून ठेवतं.

मग स्क्रूड्रायव्हर घ्या आणि सिलचं मागचं टोक, चाकाच्या कमानीला मिळतं ते, खालून टोचून बघा. ठणठण आवाज आला तर नशीब. बद्द आवाज आला किंवा टोक आत गेलं, तर इथेच थांबा आणि बाकी सगळे बेत रद्द करा. ब्रिटनच्या एमओटी या वार्षिक तपासणीत सस्पेन्शन किंवा सीटबेल्टच्या जोडापासून ३० सेंटिमीटरच्या आत भार पेलणारा पत्रा गंजलेला असेल तर गाडी नापास होते, आणि हा कोपरा बरोबर त्या टप्प्यात येतो. वेल्डिंग करणाऱ्याला एकच प्रश्न विचारा : आतला पत्रा कापून नवा घालणार, की वरून ठिगळ मारणार? ठिगळ मारलेलं सिल दोन हिवाळ्यांत परत फुटतं, कारण आतला ओला गंज तसाच राहिलेला असतो. काम झाल्यावर, पेटी पूर्ण कोरडी असताना, लांब नळीने आत मेण फवारून घ्या.

आता तेलाचे डाग. गिअरबॉक्स उतरवायला होकार देऊ नका. निदान अजून तरी.

या इंजिनात सिलिंडर हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) मागच्या टोकाला, फायरवॉलजवळ, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ, कॅम अँगल सेन्सर बसवलेला असतो. कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, त्याचा कोन हा सेन्सर मोजतो. सेन्सरच्या दांड्यावर एक ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, असते. ती उष्णतेने कडक होते आणि तेल झिरपायला लागतं. ते तेल हेडच्या पाठीवरून ओघळत थेट क्लच हाउसिंगवर येतं आणि खालून बघणाऱ्याला हुबेहूब तुमचा गॅरेजवाला म्हणतो ते मागचं सील फुटल्यासारखं दिसतं. ओ-रिंगला एक-दोन पाउंड लागतात आणि सील बदलायला अख्खा दिवस जातो, म्हणून हा फरक आधी ठरवून घ्या. इंजिनाचा मागचा भाग ब्रेक क्लीनरने धुऊन काढा, पन्नासेक मैल गाडी चालवा आणि वरून, हेड आणि फायरवॉलच्या फटीतून, छोटा आरसा व टॉर्च घेऊन बघा. सेन्सरखाली ओलं असेल तर उत्तर सापडलं. जोडीला व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटचे मागचे कोपरेही बघा. तिथलं तेलही त्याच वाटेने खाली येतं.

ओ-रिंग बदलताना सेन्सर आणि हेड या दोघांवर मिळून मार्करने एक रेघ ओढा, म्हणजे परत त्याच कोनात बसवता येईल. १२ मिमीचा एक बोल्ट सोडवला की सेन्सर बाहेर येतो. हात जेमतेम पोचतो, शिव्या तोंडात येतात, पण काम अर्ध्या तासाचं आहे. तिथल्या हीटरच्या रबरी नळ्या वर्षानुवर्षं तेलात भिजून फुगलेल्या असतात, दाबून मऊ लागल्या तर त्याही बदला.

आणि सेन्सर हलवलाच आहे तर टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते, तपासावंच लागतं. इथे एक फुकटातली सुधारणा मिळते. बॉनेटखालच्या डायग्नोस्टिक डबीत टीईएन आणि जीएनडी ही दोन टोकं वायरच्या तुकड्याने जोडा, इंजिन गरम असू द्या, आयडल (रेस न देता इंजिनाचे मिनिटाला फेरे, आरपीएम) ८५०च्या आसपास असू द्या आणि पहिल्या सिलिंडरच्या वायरवर टायमिंग लाइट लावा. कंपनीने १० अंश सांगितलंय. सेन्सर किंचित फिरवून १४ वर ठेवला की खालच्या आरपीएमला गाडीचा पिकअप जाणवण्याइतका सुधारतो. ब्रिटनमधल्या ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलवर ते चालतं. चढावर, दाबून रेस दिल्यावर खडखड ऐकू आली तर दोन अंश मागे या.

सकाळची टकटक हायड्रॉलिक लिफ्टरची असणार. व्हॉल्व्ह आणि कॅम यांच्यातली फट तेलाच्या दाबाने भरून काढणारी छोटी भांडी, तुमच्या इंजिनात १६. रात्रभरात त्यातलं तेल उतरतं. गरम झाल्यावर आवाज जात असेल तर त्यावर पैसे घालवू नका. चांगलं ५डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४० तेल, साडेतीन लिटरच्या आसपास, आणि नवा फिल्टर एवढं करा, हजारेक मैलांनी परत एकदा बदला. बहुतेक वेळा टकटक कमी होते. तुमच्या गाडीतली ऑइल प्रेशरची सुई खरी आहे (१९९५ पासूनच्या गाड्यांत ती फक्त एका स्विचवर चालते, म्हणजे शोभेचीच). आयडलला ती खाली येते, घाबरू नका.

यानंतर इंजिनाच्या पुढच्या भागाकडे या, आणि इथे नीट लक्ष द्या. १९९१च्या मध्यापर्यंतच्या १.६ इंजिनांत क्रँकचं, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याचं, पुढचं नाक आखूड होतं. ओळखायला सोपं आहे : पुढून क्रँकच्या पुलीत बघितलं तर चार खाचा दिसतात. आठ खाचा असतील तर पुढचा, लांब नाकाचा क्रँक, आणि तुम्ही सुटलात. आखूड नाकाच्या क्रँकवर पुली धरून ठेवायला पृष्ठभाग कमी पडतो. कुणी टायमिंग बेल्ट (क्रँकवरून कॅम फिरवणारा पट्टा) किंवा सील बदलताना मधला बोल्ट कमी आवळला की पुली सूक्ष्म हालायला लागते, पुली जागेवर अडकवणाऱ्या लोखंडी तुकड्याची, म्हणजे चावीची, खाच रुंद होते आणि बेल्टचं चाक क्रँकच्या मागे-पुढे सरकतं. मग टायमिंग आपोआप मागे जातं, गाडी अशक्त होते, आयडल डुलतं. खाच थोडीच झिजलेली असेल तर नवी चावी, नवा बोल्ट आणि धातूच्या फटी भरणारा लॉकटाइट ६६० वापरून ती वाचवता येते. फार झिजली असेल तर इंजिन बदलणंच स्वस्त.

आज काय करायचं? इंजिन चालू असताना पुलीकडे बाजूने बघा. ती डुगडुगत असेल तर गाडी बाहेर काढू नका. डुगडुगत नसेल, तर टायमिंग बेल्टच्या कामावेळी गॅरेजवाल्याला आकडा लिहून द्या : आखूड नाकासाठी १०८ ते ११८ न्यूटनमीटर, लांब नाकासाठी १५७ ते १६७. बोल्ट नवाच वापरायचा. एअर गनने 'दणकून' आवळणाऱ्याला हे काम देऊ नका. टॉर्क पाना नसेल त्याला तर अजिबात नाही.

बेल्टची पावती तुमच्याकडे आहे का? नसेल तर तो बदलला नाही असंच धरा. मुदत ६० हजार मैलांची आहे, पण जुन्या गाडीत रबराचं वयही मोजायचं. दिलासा इतकाच की या इंजिनात बेल्ट तुटला तरी पिस्टन व्हॉल्व्हवर आदळत नाही. गाडी मोटरवेवर बंद पडेल, इंजिन वाचेल. मजुरी सगळी तिथवर पोचण्याची असते, म्हणून एकदाच उघडा आणि हे सगळं बदला : बेल्ट, टेन्शनर आणि आयडलर, टेन्शनरची स्प्रिंग, वॉटर पंप, दोन कॅम सील, पुढचं क्रँक सील, व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट, बाहेरचे पट्टे. बेल्ट बसवल्यावर दोन्ही कॅम चाकांवरच्या खुणांमध्ये १९ दाते मोजा. १८ किंवा २० भरले तर एक दात चुकलाय, आणि गाडी सुरू होईल पण कधीच नीट पळणार नाही. ताण स्प्रिंगनेच द्यायचा, बोटाने दाबून अंदाज घ्यायचा नाही. क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा परत जुळतात का ते बघूनच कव्हर लावायचं.

त्याच दिवशी रेडिएटर. वरची प्लास्टिकची टाकी मुळात काळी असते. ती तपकिरी पडली असेल तर प्लास्टिक शिजलंय, कधी तडकेल सांगता येत नाही. रेडिएटर, त्याचं झाकण, थर्मोस्टॅट आणि दोन मोठ्या नळ्या एकत्र बदला. कूलंट सहा लिटरच्या आसपास, निम्मं पाणी निम्मं अँटिफ्रीझ. भरताना गाडीचं नाक उंच ठेवा आणि हीटर पूर्ण गरमवर, नाहीतर हवा अडकते. हे इंजिन एकदा फार तापलं की हेड गॅस्केट जाऊ शकतं.

हँडब्रेकसाठी केबल ताणू नका. सगळे आधी तेच करतात आणि तिथेच बिघडतं. मागच्या कॅलिपरमध्ये, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात, हँडब्रेकची स्वतंत्र अ‍ॅडजस्टमेंट आहे, आणि पॅड झिजले की ती हाताने करावी लागते. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा, मागची बाजू स्टँडवर घ्या (जॅकवर नाही), हँडब्रेक खाली आणि केबल आधी सैल करा. कॅलिपरच्या पाठीमागे एक झाकणासारखा बोल्ट असतो. तो काढला की आत ४ मिमीच्या अ‍ॅलन कीचं भोक दिसतं. घड्याळाच्या दिशेने फिरवत राहा, चाक जाम झालं की एक तृतीयांश फेरा मागे या. चाक हाताने मोकळं फिरलं पाहिजे. दुसऱ्या बाजूलाही तेच. मग ब्रेकचं पेडल काही वेळा दाबा आणि शेवटी केबल अशी ठेवा की पाच ते सात टिकटिकांत हँडब्रेक धरेल. मागचे पॅड बदलतानाही पिस्टन याच अ‍ॅलन कीने उलटा फिरवून आत घ्यायचा. क्लॅम्पने दाबून आत ढकलणाऱ्यांनी आतली यंत्रणा मोडलेले कॅलिपर ढिगाने सापडतात. अ‍ॅलन की फिरतच नसेल तर कॅलिपर आतून गंजलाय, मग दुरुस्त केलेला जोड विकत घ्या.

ब्रेकमध्ये आणखी काय? पुढच्या २३५ मिमीच्या डिस्क रस्त्यासाठी पुरेशा आहेत. मोठ्या डिस्कचा मोह टाळा. डॉट ४चं ताजं तेल, मध्यम प्रतीपेक्षा बरे पॅड आणि सरकत्या पिनांना रबराला चालणारं सिलिकोन ग्रीस, एवढ्यावर पेडल बदललेलं वाटतं. ब्रेकच्या तेलाची बाटली उघडलीच आहे तर, तेच तेल वापरणाऱ्या क्लचच्या खालच्या सिलिंडरचं रबरी टोपण उचलून बघा. आत ओलं असेल तर तो आणि वरचा मास्टर सिलिंडर दोन्ही एकदम बदला. एकच बदललात तर नव्याच्या दाबाने जुना महिन्या-दोन महिन्यांत गळायला लागतो.

या गाडीतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त समाधान देणारी दुरुस्ती मात्र गिअरच्या दांड्याखाली आहे. तिथे एक छोटी वाटी आहे. तिच्यात स्वतंत्र तेल असतं, ८०-९० मिलि, आणि सर्व्हिसमध्ये त्याकडे कुणी बघत नाही. वरचं रबर फाटलेलं असतं, तेल चिखल झालेलं किंवा संपलेलं, दांड्याच्या टोकाचा प्लास्टिक बुश झिजलेला. मधला कन्सोल काढा, दांडा वर उचला, मोठ्या सिरिंजने जुनं तेल ओढा, नवा बुश, नवं रबर, ताजं तेल. गिअरबॉक्सचंही तेल बदला : दोन लिटर, ७५डब्ल्यू-९०, आणि डब्यावर जीएल-४ लिहिलेलं. जीएल-५ नको. त्यातली गंधकयुक्त रसायनं सिंक्रोच्या, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्यांच्या, पितळेला खातात. डिफरन्शिअलला (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीला) मात्र जीएल-५च लागतं, तुमच्या गाडीत ०.६५ लिटर. दोन्हीकडे भरण्याचा बोल्ट आधी सोडवून बघा. तो अडकला असेल आणि खालचा बोल्ट उघडून तेल सांडून बसलात, तर गाडी तिथेच राहील.

आता वळणातलं तरंगणं. आधी टायरच्या बाजूवरचा चार आकडी अंक वाचा. '२३१५' म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. हौसेच्या गाड्यांचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. दहा वर्षांचं रबर नक्षी भरपूर असली तरी लाकूड झालेलं असतं. तुमच्या गाडीचं माप १८५/६० आर१४, हवा २६ पीएसआय. पेट्रोलपंपावर सवयीने ३२-३३ भरली असेल तर वळणातलं अर्धं विचित्रपण तिथेच आहे.

सतरा इंची चाकांचा हिशेब बघा. मूळ टायरचा व्यास ५७८ मिमी. १५ इंचावर १९५/५० घातला तर ५७६, म्हणजे जवळपास तोच. १७ इंचावर २०५/४० घातला तर ५९६. गिअरिंग तीन टक्के लांब झालं, म्हणजे आहे त्या ताकदीतली काही गेली, आणि वर चाकाचं वजन वाढलं. मूळ अलॉय साडेपाच किलोंच्या आसपास आहे. इतकं हलकं सतरा इंची चाक तुमच्या पैशात मिळणार नाही. बदलायचंच असेल तर पंधरावर थांबा.

शॉकअब्सॉर्बर मूळचे असतील तर त्यांचं आयुष्य कधीच संपलंय. काढलेत की आतले बम्प स्टॉप (सस्पेन्शन तळाला आपटू नये म्हणून असलेले ठोकळे) बघा, पिवळा भुगा होऊन हातात येतात. सस्पेन्शनच्या जोडांतले बुश रबरीच घ्या. पॉलियुरेथेनचे बुश बसवायला सोपे पडतात, पण ग्रीस संपलं की जुन्या दारासारखे करकरतात. गाडी खाली बसवायची तर पंधरा-वीस मिलिमीटर, त्यापुढे नाही. हिची स्प्रिंग खेळायची जागा मुळातच कमी आहे, जास्त खाली गेलात की ती सारखी बम्प स्टॉपवर आपटत राहते.

मग अलाइनमेंट, आणि यावर कंजुसी नको. या गाडीत चारही चाकांचा कोन बदलता येतो, पण खालच्या आर्मचे लांब बोल्ट बुशच्या लोखंडी नळीत गंजून बसलेले असतात. म्हणून दुकानदार फक्त टो (चाकांची टोकं आत-बाहेर किती वळलीत ते) करून 'झालं' म्हणतो. आठवडाभर आधीपासून रोज त्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारा आणि नव्या बोल्टांचा संच हाताशी ठेवा, दोन-तीन कापावे लागतीलच. आकडे असे सांगा : पुढे कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) उणे १ अंश, कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कल) ५च्या आसपास जितका दोन्हीकडे सारखा मिळेल तितका, मागे कॅम्बर उणे दीड, टो पुढे-मागे एकूण १ ते २ मिलिमीटर आत. मोजताना ड्रायव्हरच्या जागी तुमच्या वजनाचं कुणीतरी बसलेलं हवं. इतक्या हलक्या गाडीत माणसाच्या वजनाने आकडे हलतात.

राहिला टर्बो. किटची किंमत हा खर्चाचा पहिला हप्ता असतो. मागून क्लच येतो, इंजेक्टर, कॉम्प्युटर, रेडिएटर, ब्रेक. १.६चं छोटं डिफरन्शिअल वाढीव ताकदीला टिकत नाही म्हणून १.८ लिटरच्या गाडीचं मोठं. आणि हे सगळं कदाचित आखूड नाकाच्या क्रँकवर. विमा कंपनीला प्रत्येक बदल कळवावा लागतो, लपवलात तर दाव्याच्या वेळी महागात पडेल. शंकूसारखा एअर फिल्टरही सोडून द्या, तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो आणि फक्त आवाज वाढवतो. त्या पैशात स्पार्क प्लगच्या वायरी घ्या. त्या जुन्या झाल्या की ओल्या हवेत दाबून रेस दिल्यावर इंजिन मिस मारतं, आणि लोक कॉइल बदलत बसतात. प्लग एनजीके बीकेआर५ई-११, गॅप १ ते १.१ मिमी.

सिल सडलेलं निघालं तर बहुतेक पैसा तिथे जाईल. मग यंदा फक्त बेल्ट, कूलंट आणि ब्रेक करा, सस्पेन्शन पुढच्या उन्हाळ्यात. सिल चांगलं निघालं तर वर सांगितलेलं जवळपास सगळं बसेल, निम्मी कामं तुम्ही स्वतः केलीत तर नक्कीच.

एक राहिलं. बॅटरी डिक्कीत आहे, म्हणून तिथे साधी बॅटरी चालत नाही. वाफ बाहेर सोडणारी नळी जोडता येईल अशीच घ्या. आणि टप खाली करण्याआधी मागच्या प्लास्टिकच्या खिडकीची चेन दर वेळी उघडा. कडाक्याच्या थंडीत तर टप उघडूच नका, घडी पडली की ते प्लास्टिक काचेसारखं तडकतं.